गरम तारेची करवत आणि निमुळता पंख

थर्माकोलमधून विमानाच्या मॉडेलचा पंख कापायला तापलेली नायक्रोम (निकेल-क्रोमियमची) तार पुरते. मखरवाल्यांना ही युक्ती जुनीच. अडचण येते ती पंख टोकाकडे निमुळता असला की. तारेची दोन टोकं वेगवेगळं अंतर जाऊन एकाच क्षणी पोहोचायला हवीत, म्हणून समोरासमोर दोन खांब उभारायचे आणि प्रत्येकावर दोन मोटारी बसवायच्या: एक तार पुढे-मागे नेते, दुसरी वर-खाली.

चार नेमा-१७ स्टेपर मोटारी (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या), आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसणारा रॅम्प्स १.४ बोर्ड आणि मोटारींना करंट पुरवणारे चार ए४९८८ ड्रायव्हर एवढ्यात काम भागतं. उनो या लहान आर्डुइनोवरचं नेहमीचं जीआरबीएल, म्हणजे मोटारी हलवणारं सॉफ्टवेअर, तीनच अक्ष (हालचालीच्या दिशा) चालवतं. इथे चार अक्षांची मेगासाठीची आवृत्ती हवी. सरकण्यासाठी ड्रॉवरचे बेअरिंगवाले चॅनेल चालतात, फक्त हलवून बघून घट्ट असलेलेच घ्या. स्क्रू आडव्या अक्षाला फेऱ्यामागे ८ मिमी सरकणारा, उभ्याला मात्र २ मिमीचा. उभ्यालाही ८ चा लावला तर वीज जाताच तारेचं टोक धरणारा गाडा घसरून खाली येऊ शकतो. मोटारीची २०० पावलं गुणिले ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे करतो ते १६ भाग म्हणजे फेऱ्याला ३२०० पावलं. मिलिमीटरमागे अनुक्रमे ४०० आणि १६००.

०.४ मिमी जाडीच्या मीटरभर नायक्रोम तारेचा रोध जवळपास ९ ओहम असतो. २४ व्होल्ट थेट दिले तर अडीच अँपिअरच्या वर जातात आणि तार फार तापते. दीड ते दोनमध्ये काम होतं, म्हणून मध्ये पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी करंट कमी करणारा) लावा आणि तारेचा पॉवर सप्लाय वेगळा ठेवा. तापमान ३०० अंशांनी वाढलं की ही तार सुमारे ४ मिमी लांबते. एका टोकाला स्प्रिंग नसेल तर ती सैल पडते आणि पंखाचा मधला भाग बिघडतो.

आता हिशेब. पंखाची रुंदी मुळाशी (विमानाच्या धडाकडे) २४० मिमी, टोकाशी १६०, लांबी ६००. खांबांमधलं अंतर ९०० आणि ठोकळा बरोबर मध्ये. दोन्ही बाजूंना उरलेल्या १५० मिमीतही तारेचा तोच तिरकेपणा पुढे चालू राहतो, म्हणून मुळाकडच्या खांबावर गाडा २६० मिमी जातो, टोकाकडच्या खांबावर १४०. ही मापं सॉफ्टवेअरमध्ये अंदाजाने भरली की पंख हमखास चुकतो.

खरी गोम उष्णतेत आहे. तार फोमला घासून कापत नाही, पुढचा फोम वितळवत जाते. मुळाशी वेग सेकंदाला ३ मिमी असेल तर टोकाशी २. हळू चालणारी तार जास्त वितळवते, चीर रुंद होते आणि टोक ठरल्यापेक्षा बारीक निघतं. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: त्याच फोमचे दोन तुकडे या दोन वेगांनी कापा, चिरेची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये मुळाशी आणि टोकाशी तिच्या निम्मी भरपाई वेगवेगळी द्या. तारेचा मध्य मागे रेंगाळून धनुष्यासारखा वाकत असेल तर वेग कमी करा. लगेच करंट वाढवू नका.

पंख पिळलेला निघाला, तर बहुधा एखाद्या मोटारीने पावलं चुकवलेली असतात. ड्रायव्हरचा करंट तपासा: ०.१ ओहमचे रेझिस्टर असलेल्या ए४९८८ वर १ अँपिअरसाठी व्हीरेफ (ड्रायव्हरवर मोजायचं संदर्भ व्होल्टेज) ०.८ व्होल्ट. वीज चालू असताना मोटारीची वायर काढलीत, तर ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा.

थर्माकोलचा धूरही चांगला नाही, खिडकी उघडी हवी. सनबोर्ड मात्र या तारेखाली घालूच नका: तो पीव्हीसी असतो, तापला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. आणि कापून उरलेल्या वरच्या-खालच्या साली फेकू नका. पंखावर पातळ लाकडी पत्रा चिकटवताना त्याच साच्यात पंख ठेवून वर वजन ठेवायचं असतं.