धान्याधारित डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशपासून बायोगॅस : पात्रता, संमती आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात मका, ज्वारी किंवा तांदळापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्याला बायोगॅस प्रकल्प उभारायचा असेल, तर एका अर्जावर काम भागत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वायू साठवण्याचा परवाना आणि वायूविक्रीची व्यवस्था या गोष्टी वेगवेगळ्या कार्यालयांतून मार्गी लावाव्या लागतात. या सर्वांचा पाया मात्र एकच, तो म्हणजे स्पेंट वॉशचा, म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यावर उरणाऱ्या सांडद्रवाचा, ताळेबंद.

हा ताळेबंद सर्वांत आधी पक्का करावा. ऊर्ध्वपातनानंतर उरलेला हा द्रव डिकँटरमधून (घन आणि द्रव वेगळे करणाऱ्या यंत्रातून) गेला की ओला चोथा वेगळा होतो आणि तो सहसा पशुखाद्याकडे वळवला जातो. डायजेस्टरच्या, म्हणजे बायोगॅस तयार होणाऱ्या बंद टाकीच्या, वाट्याला येतो तो पातळ भाग. तोच घन पदार्थ पशुखाद्यातही धरायचा आणि वायूच्या हिशेबातही मोजायचा, अशी गफलत प्रकल्प अहवालात राहिली, तर पुढचा प्रत्येक अर्ज चुकीच्या आकड्यांवर उभा राहतो. १ किलो सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे द्रवातील सेंद्रिय भाराचे माप) कमी झाल्यास सिद्धांतानुसार सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. याहून मोठा आकडा दाखवणारा अहवाल सल्लागाराकडे परत पाठवावा. धान्यातील प्रथिनांमुळे डायजेस्टरमध्ये अमोनिया आणि वायूत हायड्रोजन सल्फाइड वाढतो, म्हणून शुद्धीकरण यंत्रणेचा तपशील अहवालात असलाच पाहिजे.

अर्ज डिस्टिलरी स्वतः करू शकते किंवा स्पेंट वॉश घेणारी वेगळी कंपनी अथवा सहकारी संस्थाही करू शकते. दुसऱ्या प्रकारात पुरवठ्याचा लेखी करार तर हवाच, शिवाय स्पेंट वॉश बाहेर पाठवण्याची नोंद डिस्टिलरीच्या स्वतःच्या संमतीपत्रातही असायला हवी. हा मुद्दा हमखास विसरला जातो.

१९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांखालील स्थापनेची संमती बांधकामाआधी, तर चालवण्याची संमती उत्पादनाआधी घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करताना प्रकल्प अहवाल, जागेचा सातबारा उतारा किंवा भाडेकरार, स्थळ आराखडा, संस्थेचे नोंदणीपत्र, अर्जदाराला अधिकार देणारा ठराव, भांडवली गुंतवणुकीबद्दल सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि आधीची संमतीपत्रे तयार ठेवावीत. डिस्टिलरीला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी मिळालेली असल्यास तिची प्रतही लागते. तीत स्पेंट वॉशची जी विल्हेवाट नमूद आहे, ती नव्या प्रकल्पामुळे बदलत असेल, तर मंजुरीत दुरुस्ती करावी लागेल का, हे संमतीचा अर्ज भरण्यापूर्वीच तपासावे.

वायू दाबाखाली साठवायचा किंवा सिलिंडरमध्ये भरायचा असल्यास पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना आवश्यक आहे; तिचे मुख्यालय नागपुरात आहे. वाहन इंधन म्हणून विक्रीसाठी केंद्राची ‘सतत’ (SATAT) नावाची योजना १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाली. तीत तेल कंपन्यांकडे स्वारस्य अर्ज करून इरादापत्र मिळवावे लागते, आणि वायू आयएस १६०८७ या मानकात बसावा लागतो, म्हणजे मिथेन किमान ९० टक्के हवा. कच्च्या बायोगॅसमध्ये तो साधारण ५५ ते ६५ टक्केच असतो. वायू स्वतःच्या बॉयलरमध्येच जाळायचा असेल, तर इतक्या शुद्धीकरणाचा खर्च टळतो, आणि लहान डिस्टिलरीला आम्ही हाच मार्ग सुचवू.

डायजेस्टरमधून वायू निघाल्यावर उरणारी स्लरी सेंद्रिय खत म्हणून विकायची असल्यास ती १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील मानकांत बसली पाहिजे, त्यामुळे तिच्या तपासणीची सोय प्रकल्प अहवालातच दाखवावी.