चमक क्रोमची, गंज स्क्रूला

आषाढातल्या एका संध्याकाळी भाचा वास्कोहून आला तो पाठीवर बेस गिटार घेऊनच. "मामा, बारकी तार फ्रेटवर, दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर, घासते, खर्र वाजते. सॅडल जरा वर घ्यायचं तर स्क्रू फिरतच नाही," म्हणाला. बेस 1970 च्या दशकातला, जपानी बनावटीचा. तियात्राला, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी नाटकाला, वर्षानुवर्षं साथ केलेल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्यानं तो घेतला होता. देताना म्हाताऱ्यानं बजावलं होतं, "ब्रिजला हात लावू नको. या गंजातच आवाज आहे."

हे मी आणखीही दोन-तीन वादकांकडून ऐकलंय, आणि मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ तर छातीठोकपणे सांगतात. गंजात आवाज नसतो. जुन्या तारा बोथट वाजतात, पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड निराळं असू शकतं, त्यावर वाद घाला. पण गंज म्हणजे लोखंडाची भुसभुशीत राख. तिच्यातून कंपन गोड होऊन बाहेर पडत नाही.

ज्यांनी बेस जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच: तंबोऱ्याला घोडी असते तसा याला ब्रिज. फरक असा की इथे प्रत्येक तारेला स्वतःची छोटी घोडी, म्हणजे सॅडल. प्रत्येक सॅडलमध्ये दोन बिनडोक्याचे स्क्रू. त्यांना ग्रब स्क्रू म्हणतात. ते फिरवले की सॅडल वर-खाली होतं. जपानी बेसवर ते बहुधा 3 मिलिमीटर जाडीचे, आटे अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणजे एक पूर्ण फेरा दिला की तार अर्धा मिलिमीटर उचलली जाते. आणि चारही तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास. त्यातला खाली दाबणारा हिस्सा या आठ चिमुकल्या स्क्रूंनी तोलायचा.

दिव्याखाली भिंग घेऊन पाहिलं. ब्रिजची पाटी तळहाताएवढी, क्रोमची, अजून तोंड दिसेल इतकी लखलखीत. फक्त वादकाचा तळवा टेकतो तिथे तपकिरी ठिपके. आणि आठही ग्रब स्क्रू मात्र काळे-तांबडे, त्यांचे सहाकोनी खड्डे गंजानं भरलेले. भाचा म्हणाला, "खारं वारं, दुसरं काय!" उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. वारं तर पाटीलाही तेच लागत होतं. मग पाटी शाबूत आणि स्क्रू मेले, असं का?

आधी खाऱ्या वाऱ्याचं बघू. कोरडं मीठ लोखंडाचं फारसं काही करत नाही. त्याला पाणी लागतं, आणि पाणी ते स्वतःच हवेतून ओढतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच विरघळून थेंब होतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. समुद्राच्या मिठात शिवाय मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाझरायला लागतं. रायबंदरच्या वाटेवर दिसतात तसल्या मिठागरांतलं जाडं मीठ बरणीत ठेवून बघा, जूनमध्ये तळाशी पाणी साचतं. तीच गोष्ट ब्रिजवर होते, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात. घामातही मीठ असतंच, म्हणून तळव्याखाली ठिपके.

आता माझा आवडता भाग. थोडा धीर धरा.

ओलसर खारट थर, आणि त्यात एकमेकांना चिकटलेले दोन वेगळे धातू, म्हणजे बॅटरीच झाली. एक धातू इलेक्ट्रॉन सोडतो आणि विरघळतो. दुसऱ्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. दुसऱ्याचं काही बिघडत नाही, तो नुसती जागा देतो. कोण झिजणार हे ठरवायला शाळेत विभवांची यादी असते: जस्त उणे 0.76 व्होल्ट, लोखंड उणे 0.44, निकेल उणे 0.25. जो जास्त उणे, तो बळी. लोखंड आणि निकेल शेजारी आले तर लोखंड जाणार.

पण क्रोमियम? यादीत ते उणे 0.74. म्हणजे जवळजवळ जस्ताच्या पंगतीत, आणि हिशेबानं त्यानं स्वतः झिजून लोखंडाला वाचवायला हवं. प्रत्यक्षात उलट घडतं. हवा लागताच क्रोमियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, काही नॅनोमीटरचा, पारदर्शक आणि घट्ट. त्या झग्याखाली क्रोमियम झिजेनासं होतं आणि वागायला लागतं उच्च कुळातल्या धातूसारखं. शास्त्रात याला निष्क्रियता म्हणतात. यादी धातूच्या उघड्या अंगाची असते, झगा घातलेल्या अंगाची नव्हे. मी वर्गात शिकवायचो तेव्हा नेमक्या याच ठिकाणी मागचे बाक झोपायचे.

तर ब्रिजची पाटी म्हणजे खाली पोलाद, त्यावर दहा-वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निकेल, त्यावर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ क्रोम. वरून कीर्तन, आतून तमाशा. हा मुलामा कधीच अखंड नसतो. त्यात सूक्ष्म भेगा आणि छिद्रं असतात. छिद्र पोलादापर्यंत पोचलं की त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेला भोवतालच्या सगळ्या क्रोम-निकेलची भूक एकट्यानं भागवावी लागते.

क्षेत्रफळाचा हा नियम विसरू नका. मोठा उच्च धातू आणि छोटा बळी, हे सगळ्यात वाईट लग्न. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन घ्यायला मोठं मैदान मिळतं, आणि ते पुरवायला एवढासा तुकडा. ग्रब स्क्रू नेमका हाच तुकडा: साधं पोलाद, आणि त्याच्याभोवती मुलाम्याचं सॅडल नि पाटी. म्हणजे स्क्रूला नुसत्या वाऱ्यानं खाल्लं नाही, शेजारच्या चकाकीनंही खाल्लं.

जस्ताचं याच्या बरोबर उलट. जस्ती पत्र्याला ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखतं. मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांच्या पोलादी बुडाला जस्ताचे ठोकळे ठोकलेले असतात ते याचसाठी. ही युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची. 1824 मध्ये त्यानं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे जस्त आणि लोखंड जोडून वाचवले. तांबं वाचलं खरं, पण विरघळायचं थांबलं, आणि त्या विरघळणाऱ्या तांब्याच्या विषानंच शिंपले दूर राहत होते. जहाजांच्या बुडाला शिंपल्यांचा थर चढला नि ती मंदावली. बिचारा डेव्ही!

जाता जाता: भाच्याच्या बँडच्या गाडीला लिंबू-मिरची टांगलेली असते, वाद्यांना नजर लागू नये म्हणून. ती ओवलेली तार लोखंडाची. आंबट रसात ती चार दिवसांत काळी पडते. नजर उतरते की नाही ते सांगता येत नाही, गंजाचा प्रयोग मात्र झकास होतो.

आता दुरुस्ती. तारा सैल करून सॅडल ब्रिजवरून सुटं केलं. पहिला नियम मापाचा. जपानी 3 मिलिमीटर स्क्रूला 1.5 मिलिमीटरची एलन की, म्हणजे सहाकोनी किल्ली, लागते. कित्येक अमेरिकन बेसना लागते 1/16 इंची, म्हणजे 1.59 मिलिमीटर. फरक नखाच्या धारेइतकाही नाही, पण इंची खड्ड्यात मिलिमीटरची की फिरवली की सहा कोन गोल झालेच. सुईनं खड्ड्यातला गंज उकरला आणि की तळाला टेकते ना ते पाहिलं.

स्क्रू जाम होतो त्याचं कारण साधं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आट्यांमध्ये पाचरीसारखा बसतो. पातळ तेल रात्रभर मुरू दिलं. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर टेकवलं. पोलाद अंशामागे दशलक्षात 12 भाग प्रसरण पावतं. 200 अंश तापलं तर 3 मिलिमीटरचा स्क्रू फुगतो सुमारे सात मायक्रॉन, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. गंजाची पकड तडकायला तेवढं पुरतं. गार झाल्यावर की हळूच फिरवली, 'टक' झालं आणि स्क्रू सुटला. सहा असे निघाले. सातव्याला दोनदा तापवावं लागलं.

नवे स्क्रू स्टेनलेसचे घातले. इथे छोटा तुकडा उच्च कुळाचा आणि सॅडल मोठं, म्हणजे तोच क्षेत्रफळाचा नियम आता आपल्या बाजूनं. आट्यांना थोडं ग्रीस. पाटीवरचे ठिपके जेवण गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदानं पाणी लावून घासले. तो क्रोमहून कितीतरी मऊ, ओरखडे पडत नाहीत. वरून मेण. लोखंडी घासणी अजिबात नको, तिचा चुरा पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाच्या, चुंबकांना चिकटतो आणि जन्मभर निघत नाही. सॅडलच्या मागच्या स्प्रिंगा मात्र सुट्या करून माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये टाकल्या, मग सोड्याच्या पाण्यात, मग तेलात. बहीण ओरडली, ते व्हिनेगर तिनं मासळीसाठी ठेवलं होतं. पाटीचा एक लाकडातला स्क्रू ढिला होता, त्या भोकात आगपेटीच्या काडीचा तुकडा गोंद लावून बसवला.

आठवा स्क्रू हललाच नाही. खड्डा आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेला. नेमका त्याच बारक्या तारेचा. ते एक सॅडल बदललं, त्याच मापाचं, साधं पोलादी. जुनं तेलात बुडवून प्लॅस्टिकच्या पुडीत घातलं आणि पेटीच्या कप्प्यात ठेवलं. जुन्या वाद्याचे मूळ भाग सोबत असले की किंमत टिकते. तारा चढवून अर्धा फेरा वर घेतलं, पाव मिलिमीटर. खर्र थांबली. भाच्यानं लगेच तळवा ब्रिजवर टेकून वाजवायला सुरुवात केली, आणि मी फडकं शोधायला उठलो.