टीबी न झालेल्या मुलाला टीबीची गोळी

‘आजोबांना टीबी झालाय, कबूल. पण नातू ठणठणीत आहे, त्याला सहा महिने गोळ्या कशाला?’ महापालिकेच्या दवाखान्यात हा प्रश्न येतोच. थोडं वाचलेला मुलाचा बाप पुढचाही विचारतो: ‘टीबी झालेल्याला चार औषधं आणि न झालेल्याला एकच? एकाच औषधाने जंतू निर्ढावतात ना?’ हा दुसरा प्रश्न फार चांगला आहे.

आधी लागण कशी होते ते थोडक्यात. रुग्ण खोकला की उडालेले थेंब हवेतच वाळतात आणि 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तासन्‌तास तरंगत राहतात. पर्वती पायथ्याची दहा बाय बाराची खोली, पावसाळा, खिडकी बंद, आणि नातू आजोबांच्या कुशीत. आजोबांची ताट-वाटी वेगळी ठेवून इथे काहीच साधत नाही, कारण टीबी भांड्यांतून पसरत नाही. खिडकी उघडली तर मात्र फरक पडतो. औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आजोबांकडून लागण होणं जवळपास थांबतं. पण निदान होईपर्यंतचे आठवडे मुलाने त्याच हवेत काढलेले असतात.

मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा या जंतूंना कोंडून ठेवतं. लागण झालेल्या शंभरांतल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. लहानग्यांचं तसं नाही. वर्षाच्या आतल्या बाळांना लागण झाली आणि काहीच केलं नाही, तर जवळजवळ निम्म्यांना टीबी होतो, तोही काही महिन्यांतच. बीसीजीची लस (जी आपल्या हडपसरलाही बनते) मेंदूच्या आवरणाच्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते. पण ‘बीसीजी झालीय, मग काळजी नको’ हे खरं नाही. आणि दृष्ट काढणं काय किंवा ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ महागडा काढा काय, फुप्फुसाच्या वायुकोशात पोचलेल्या जंतूला दोन्ही सारखेच.

आता त्या बापाचा प्रश्न. जंतू औषधाला ‘सरावतो’ असं आपण म्हणतो, ते चूक आहे. न जुमानणारे जंतू आधीपासूनच गर्दीत असतात, औषध फक्त बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळं करून देतं. आयसोनियाझिडला (नातवाला देतात ती गोळी हीच) दाद न देणारा जंतू साधारण 10 लाखांत एक, रिफाम्पिसिन या टीबीच्या दुसऱ्या औषधाला न देणारा 10 कोटींत एक. आजोबांच्या फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिथे 10 कोटी जंतू सहज असतात. म्हणजे आयसोनियाझिड एकटं दिलं तर शंभरेक जंतू वाचणार, आणि पुढे तेच वाढणार. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू सापडायला मात्र 1 वर 14 शून्यं इतके जंतू लागतील. म्हणून आजारात औषधं मिळून द्यायची. नुसती लागण झालेल्या नातवात जंतू असतात हजारांत मोजण्याइतके. त्यांत तो दहा लाखांतला एक असण्याची शक्यता नगण्य. म्हणून एक गोळी पुरते.

या गोळीची करामतही ऐकण्यासारखी आहे. आयसोनियाझिड मुळात निरुपद्रवी. त्याचं विष बनवतं जंतूचंच कॅटजी नावाचं विकर (एन्झाइम). आपल्या पेशी जंतूला मारायला त्याच्यावर पेरॉक्साइड हे रसायन फेकतात, ते निकामी करायला त्याने हे विकर बाळगलेलं असतं. तेच गोळीला जागं करतं आणि जंतूच्या मेणचट भिंतीतलं मायकोलिक आम्ल बनणं बंद पडतं. कॅटजी बिघडलेला जंतू वाचतो, बहुतेक वेळा तोच तो दहा लाखांतला एक. मात्र भिंत बांधत असेल तोच जंतू मरतो, झोपलेला नाही. ते अधूनमधून जागे होतात, म्हणून कोर्स सहा महिन्यांचा, 180 मात्रांचा.

हे गणित कोलमडतं ते मुलाला खरोखरच टीबी असेल तर. म्हणून गोळीआधी पाहायचं: खोकला, ताप, वजन घटणं किंवा न वाढणं, मानेला गाठ, खेळणं कमी होणं. यातलं काहीही असलं तर आधी तपासणी. काहीच नसेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला त्वचेच्या चाचणीसाठी अडवून ठेवू नये.

दहा वर्षांखाली मात्रा रोज किलोमागे 10 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 300. नऊ-दहा किलोच्या बाळाला 100 मिलिग्रॅमची एक गोळी, चौदा किलोच्या मुलाला दीड. दर महिन्याला वजन करायचं, कारण मूल वाढतं आणि मात्रा मागे पडते. गोळी शक्यतो उपाशीपोटी, पाण्यात विरघळवून. ग्लुकोजच्या पाण्यात नको, साखरेशी संयोग होऊन औषध वाया जातं. डॉक्टर सोबत ब-6 जीवनसत्त्व देतात. सतत उलट्या, गडद लघवी किंवा पिवळे डोळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, यकृताचा प्रश्न असू शकतो. दोन आठवड्यांपेक्षा कमी खंड पडला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, चुकलेले दिवस शेवटी जोडायचे. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन या दोन औषधांच्या आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रांचाही पर्याय आहे.

एक गोष्ट हमखास राहून जाते. नातवात शिरलेले जंतू बहुधा आजोबांचेच असतात. ते आयसोनियाझिडला दाद देत नसतील तर नातवाची गोळी बिनकामाची. मग रिफाम्पिसिन, आणि दोन्हींना दाद देत नसतील तर लेव्होफ्लॉक्सासिन या तिसऱ्या औषधाचा विचार होतो. म्हणून नातवाला दवाखान्यात नेताना आजोबांच्या थुंकीचा रिपोर्ट पिशवीत हवा.