ओक लाकूड : प्रत आणि चिराई

अमेरिकेतील वखारीत ओकची फळी निवडताना दोन गोष्टी पाहतात : प्रत आणि चिराई. फळीतून निर्दोष लाकूड किती निघेल हे प्रतीवरून कळते. वार्षिक वलयांशी करवत कोणत्या कोनात चालली हे चिराईवरून. वरची प्रत म्हणजे देखणी फळी, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात नक्षीला प्रतवारीत गुण मिळत नाहीत.

प्रतवारीचे नियम १८९८ साली स्थापन झालेल्या नॅशनल हार्डवुड लंबर असोसिएशनचे आहेत. सर्वांत वरची प्रत ‘एफएएस’, म्हणजे ‘फर्स्ट्स अँड सेकंड्स’. तिची फळी किमान ६ इंच रुंद व ८ फूट लांब असावी लागते आणि जास्त दोष असलेली बाजू धरून मोजले तरी ८३⅓ टक्के लाकूड निर्दोष तुकड्यांत निघावे लागते. तुकडाही किमान ४ इंच × ५ फूट किंवा ३ इंच × ७ फूट हवा. ‘नंबर वन कॉमन’मध्ये हेच प्रमाण ६६⅔ टक्के आणि तुकडा ४ इंच × २ फूट किंवा ३ इंच × ३ फूट चालतो. जेवणाच्या टेबलाला सलग सहा फुटी पट्ट्या लागतात, तिथे एफएएस घ्यावी. कपाटाच्या दाराची चौकट किंवा खणाची दर्शनी पट्टी मात्र दोन-अडीच फुटांची असते. तिच्यासाठी वरच्या प्रतीचे पैसे मोजणे ही निव्वळ उधळपट्टी. गाठी टाळून तुकडे काढले की काम भागते; फक्त जाणारी तूट धरून माल जास्त घ्यावा लागतो.

चिराई ओळखायला फळीचे टोक पाहावे. वलये रुंद बाजूला जवळपास समांतर असतील तर ती ‘प्लेन सॉन’. तिच्यावर कमानीसारख्या रेषा उमटतात आणि ती सर्वांत स्वस्त पडते. वलये ६० ते ९० अंशांत उभी असतील तर ‘क्वार्टर सॉन’. ओकचे मज्जाकिरण (खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे) रुंद असल्याने या चिराईत ते कापले जाऊन चकाकते पट्टे दिसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी फर्निचरकार गुस्टाव्ह स्टिकली यांच्या फर्निचरची ओळख हेच पट्टे होते. तिसरी ‘रिफ्ट सॉन’, साधारण ३० ते ६० अंशांची. तिच्यात चकाकते पट्टे फारसे दिसत नाहीत, रेषा सरळ. टेबलाच्या पायाला हीच घ्यावी, कारण चारही बाजू सारख्या दिसतात.

दिसण्याइतकाच आकसण्याचा मुद्दा महत्त्वाचा. पांढरा ओक ओला असताना कापून पूर्ण सुकवला तर वलयांच्या दिशेने सुमारे १०.५ टक्के आकसतो, मज्जाकिरणांच्या दिशेने ५.६ टक्केच. म्हणून रुंद फळी वाकू नये असे वाटत असेल तर क्वार्टर सॉनचा जादा दर वसूल होतो.

लाल आणि पांढरा ओक यांत गल्लत नको. लाल ओकच्या वाहिन्या मोकळ्या असतात : आखूड तुकड्याचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकले की बुडबुडे येतात. पांढऱ्याच्या वाहिन्या टायलोसिसने, म्हणजे शेजारच्या पेशींच्या आत शिरलेल्या फुगवट्यांनी, बुजलेल्या असतात, म्हणून व्हिस्कीची पिंपे त्याचीच. दोन्हींत टॅनिन हे तुरट द्रव्य असते; ओलीत लोखंडी खिळा लागला की काळा डाग पडतो, तेव्हा स्क्रू स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी वापरावा.

हिमालयातला बांज हाही ओकच, पण तो मुख्यतः सरपण आणि चाऱ्यासाठी जातो. मुंबई-पुण्याच्या घरांत ओक बहुधा प्लायवुडवरच्या व्हिनियरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, रूपात येतो. तिथे प्रतीचा हिशोब लागू नाही. दुकानदार फक्त ‘क्राउन कट’ (कमानीच्या रेषांचा) की ‘क्वार्टर कट’ (सरळ रेषांचा) एवढेच विचारतो.