आजी आधी की नातू?

मार्च २०२१. आमच्या कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पडवीत नऊ माणसं बाकावर बसलेली आणि सिस्टर दहाव्याची वाट बघत दारात उभी. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस. एकदा बुचात सुई गेली की चार तासांत बाटली संपवायची, उरलेलं फेकायचं. त्यामुळे दहा डोकी जमल्याशिवाय ती बाटली फोडत नव्हती.

बाकाच्या टोकाला आमच्या शेजारच्या आजी, वय ७५. त्यांना मोटारसायकलवरून घेऊन आलेला नातू आंब्याखाली उभा. तो पंचविशीचा. रोज संध्याकाळी जेटीवर माशांच्या लिलावात, शे-दोनशे माणसांच्या गर्दीत. आजींनी सिस्टरला विचारलं, "माका कित्याक? ह्या पोराक देवा. माजा काय, पिकला पान."

सिस्टर हसली. "आजी, साठच्या वरच्यांनाच आहे सध्या."

आजींचं बोलणं मायेपोटी होतं, पण त्यात एक मुद्दाही होता आणि तो जगभरचे तज्ज्ञ गंभीरपणे मांडतात. लस कमी असेल तर ज्याचं आयुष्य जास्त उरलंय त्याला आधी का देऊ नये? मला हा प्रश्न रास्त वाटतो. म्हणून आजींचाच हिशेब पाटीवर मांडून बघू.

२०२० मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून संशोधकांनी वयानुसार मृत्यूचा अंदाज काढला होता. पंचविशीतल्या १०,००० जणांना कोविडची लागण झाली तर साधारण १ दगावतो. पंचावन्न वर्षांच्या १०,००० मध्ये ४०. पंचाहत्तरीच्या १०,००० मध्ये ४६०. आता आयुष्य मोजू. नातवाची पुढची ५० वर्षं धरा, आजींची १०. नातवाच्या वयाच्या १०,००० जणांमध्ये बुडाली ५० वर्षं. आजींच्या वयाच्या १०,००० मध्ये ४,६००. म्हणजे 'आयुष्य कोणाचं जास्त उरलंय' हाच निकष लावला, तरी सुई आजींच्याच दंडावर येते, तीही नव्वद पटींहून अधिक फरकाने. नातू लिलावात उभा असतो म्हणून त्याला लागण होण्याची शक्यता आजींच्या दसपट धरली, तरी त्याची ५०० वर्षं होतात. आजींचं पारडं तरी जडच.

पण हा हिशेब अर्धाच. नातू नुसता आजारी पडत नाही, तो आजार घरीही आणतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली होती. तरणी माणसं मुंबईला, घरात म्हातारी आणि एक कुत्रा, अशी घरं प्रत्येक वाडीत आहेत. अशा घरात विषाणू चालत येत नाही. तो चाकरमान्याबरोबर एस. टी. ने येतो, नाहीतर जेटीवरून मासळीच्या टोपलीबरोबर. मग येणाऱ्यांनाच टोचलं तर?

जपानने फ्लूच्या बाबतीत जवळपास हेच केलं. १९६२ ते १९८७ या काळात तिथल्या बहुतेक शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जात होती. पुढे सक्ती गेली, मुलांचं लसीकरण घसरलं, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्यानंतर हिवाळ्यातले जादा मृत्यू वाढले. मरणारे मुख्यतः म्हातारे होते. दंड नातवाचा, जीव आजीचा.

कोविडच्या वेळी गणित मांडणाऱ्यांनीही हे ताडून पाहिलं. लागण कमी करायची असेल तर २० ते ४९ वयाच्यांना आधी, मृत्यू कमी करायचे असतील तर बहुतेक परिस्थितींत साठीपुढच्यांना आधी, असं उत्तर आलं. इंडोनेशियाने जानेवारी २०२१ मध्ये १८ ते ५९ वयाच्या कामकरी माणसांपासूनच सुरुवात केली. तिथे मिळालेल्या चिनी लशीची म्हाताऱ्यांवरची माहिती तोवर पुरेशी नव्हती, हेही त्यामागे होतं.

नातवामार्फत आजीला वाचवायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, लस नुसता आजार नव्हे, प्रसारही थांबवणारी हवी. दोन, हाताशी वेळ हवा, कारण एका नातवाने भागत नाही, अख्खी जेटी टोचावी लागते. २०२१ च्या सुरुवातीला लशींच्या चाचण्यांनी मुख्यतः लक्षणं असलेले रुग्ण मोजले होते. प्रसार किती थांबतो ते नीट कळलेलं नव्हतं. आणि वेळ? शिमगा तोंडावर आला होता, मुंबईत आकडे चढायला लागले होते. अशा वेळी आजींना थेट टोचणं हाच शहाणपणा होता. पुढे डेल्टाने, म्हणजे कोविडच्या विषाणूच्या बदललेल्या रूपाने, लस घेतलेल्यांकडूनही प्रसार होतो हे दाखवलं, तेव्हा तो निर्णय आणखी बरोबर ठरला.

रोग बदलला की रांगही बदलते. १९१८ च्या फ्लूने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने नेली. तेव्हा लस असती तर नातू बाकावर बसला असता.

वयाची रांग लावण्याचं आणखी एक कारण साधंच आहे. जन्मतारीख आधार कार्डावर असते. (आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची ती १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. पाच-सात वर्षं इकडेतिकडे, पण रांगेपुरती चालते.) याउलट १ मार्चपासून ४५ ते ५९ वयाच्यांना २० ठरावीक व्याधींपैकी एकीचा डॉक्टरी दाखला लागत होता. ज्याला डॉक्टर जवळ, त्याचा मधुमेह आधी सापडतो. न्याय्य आणि बारीक नियम कागदावर शोभतात. वाडीत जितका नियम बारीक, तितका तो ओळखीपाळखीवाल्यांच्या बाजूला झुकतो, असं माझं मत झालंय. अर्थात साधा कागद मागितला तरी कोणीतरी बाहेर राहतोच. ट्रॉलरवरचे आणि आंब्याच्या बागांतले नेपाळी गडी आधार कार्ड कुठून आणणार? ओळखपत्र नसलेल्यांना लस कशी द्यायची याचे नियम केंद्राने मे महिन्यात काढले.

तासाभराने दहावे आजोबा एस. टी. तून उतरले. सिस्टरने बुचात सुई घातली, बाटलीवर पेनाने वेळ लिहिली आणि पहिल्या आजींनाच आत घेतलं. बाहेर येऊन त्यांनी नातवाला विचारलं, "तुजो नंबर कधी रे?"

त्याचा नंबर १ मे रोजी लागला, निदान कागदावर. पण डोस इतके तुटपुंजे होते की १२ मेच्या सुमारास राज्याने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं आणि त्यांच्यासाठीच्या कोव्हॅक्सिन लशी पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवल्या. अखेर त्याला सुई मिळाली ती जूनच्या शेवटी. तेव्हा मासेमारी बंदी लागलेली होती, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या, आणि जेटीवर चिटपाखरू नव्हतं.