दरखास्तीतला बेलीफखर्च: भरायचा कोणी, कधी आणि परत कसा मिळवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीच्या कोर्टात पैशाचा दावा जिंकला की घरी पेढे येतात. पण हुकूमनामा (डिक्री) हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. समोरचा आपणहून देत नसेल तर वसुलीची वेगळी दरखास्त घालावी लागते. वकिलांच्या तोंडी ती ‘ई.पी.’, म्हणजे एक्झिक्युशन पिटिशन. तिचा सुरुवातीचा सगळा खर्च जिंकलेल्याच्याच खिशातून जातो आणि इथे बहुतेकांचा पारा चढतो. देणं त्याचं, मग बेलीफचा, म्हणजे कोर्टाच्या नोटिसा-वॉरंट बजावणाऱ्या कर्मचाऱ्याचा, भत्ता मी का भरू? भरायचा, कारण त्याशिवाय कागद जागचा हलत नाही. तो खर्च पुढे देणेकऱ्याकडून वसूल करता येतो, मात्र त्याची नोंद दरखास्तीच्या कागदांत असेल तरच.

दरखास्त हुकूमनामा मिळवणारा, त्याचे वारस किंवा ज्याच्या नावे हुकूमनामा लेखी हस्तांतरित झाला आहे तो घालू शकतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी मुदत 12 वर्षांची. ‘12 वर्षं आहेत की’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. निकालाला दोन वर्षं उलटून गेली, किंवा देणेकरी वारला आणि त्याच्या वारसांवर जायचं असेल, तर जप्तीआधी नोटीस काढावी लागते. म्हणजे आणखी एक फी, आणखी काही तारखा आणि समोरच्याला मालमत्ता इकडची तिकडे करायला सवड.

अर्जाबरोबर हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल, वकीलपत्र आणि मुद्दल, व्याज, दाव्याचा खर्च व आजवर आलेली रक्कम यांचा तक्ता जोडायचा. इथवर कोणी अडत नाही.

लोक अडतात ते मालमत्तेच्या यादीवर. ‘त्याच्याकडे भरपूर आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे’ एवढ्यावर बेलीफ कुठे जाणार? जमीन असेल तर सर्व्हे नंबर किंवा चतुःसीमा आणि त्यात देणेकऱ्याचा हिस्सा किती हे लिहावं लागतं. शेतीचा आर.टी.सी. उतारा (कर्नाटकातला सातबारा) सरकारच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर मिळतो, ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला ई-स्वत्तू या सरकारी मिळकत-नोंद प्रणालीचा कागद लागतो, शहरात सिटी सर्व्हेचा. आपल्या भागात घोळ होतो तो नावाचा. हुकूमनाम्यात नाव-आडनाव एका क्रमाने आणि कन्नड उताऱ्यावर दुसऱ्या क्रमाने किंवा वेगळ्या स्पेलिंगने असलं की समोरचा वकील ‘हा माणूसच वेगळा’ म्हणून हरकत घेतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. उतारे मिळतच नसतील तर देणेकऱ्याने स्वतःच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असा आदेश कोर्टाकडून मागता येतो. तो आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग होऊ शकतो. ही तरतूद अर्जदार फारशी वापरत नाहीत, हे नवलच.

आता फीकडे येऊ. दरखास्त घातली की एकदाच पैसे भरून मोकळं होता येतं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. नोटीस, जप्ती वॉरंट, लिलावाचा जाहीरनामा, अटक वॉरंट, अशा प्रत्येक कागदाची प्रोसेस फी वेगळी आणि जेव्हाची तेव्हा भरायची. दर नियमाने ठरलेले असतात, बेलीफच्या मर्जीने नव्हे. ही फी कोर्टात भरली जाते, बेलीफच्या हातात नाही. ‘साहेब, गाडीला पेट्रोल’ असा सूर लागला तर पावती मागा. पावती नसलेला पैसा देणेकऱ्याकडून कधीच वसूल होत नाही, कारण कोर्टापुढे तो खर्च झालेलाच नसतो. सरळ लाच मागितली तर जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा लोकायुक्त पोलिसांकडे लेखी तक्रार करता येते.

पुष्कळ दरखास्ती बुडतात त्या ऑर्डर शीटवरचं, म्हणजे कोर्टाच्या तारखेवारी आदेशांच्या कागदावरचं, एक वाक्य चुकीचं वाचल्यामुळे. ‘पी.एफ. भरल्यास नोटीस काढा’ असा आदेश असतो. पी.एफ. म्हणजे हीच प्रोसेस फी. अर्जदार मोबाइलवर तारीख बघतो, नोटीस निघाली असं समजतो आणि पुढच्या तारखेपर्यंत निवांत राहतो. पुढच्या तारखेला नोंद येते ‘पी.एफ. भरली नाही’. मग शेवटची संधी, आणि मग दरखास्त निकाली. गैरहजेरीत निकाली निघाली असेल तर पुन्हा दाखल करून घेण्याच्या अर्जाला 30 दिवस असतात. त्याहून वाईट म्हणजे, जप्ती आधीच झालेली असेल आणि निकाली काढताना कोर्टाने ‘जप्ती चालू राहील’ असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर जप्तीही उठते. किरकोळ फीपायी जप्त झालेली जमीन हातची जाते आणि लोक खापर बेलीफवर फोडतात. आदेश झाला त्याच दिवशी फी भरा, पावतीची झेरॉक्स घरच्या फायलीत ठेवा.

जप्तीच्या दिवशी सामान हलवायची गाडी, हमाल, राखणीची सोय हा भुर्दंडही आधी तुम्हालाच. बेलीफ सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरू शकत नाही, त्यामुळे संध्याकाळी गाडी बोलावू नका. शेतीची अवजारं, कामाचे बैल, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्र आणि शेतकऱ्याचं स्वतः राहतं घर जप्त होत नाही. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सोडावे लागतात. अटक मागणाऱ्याला देणेकऱ्याच्या तुरुंगातल्या जेवणखाण्याचा भत्ता आगाऊ भरावा लागतो. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईमाणसाला अटक होत नाही. पुरुषाच्या बाबतीतही ऐपत असून तो देत नाही हे आधी दाखवावं लागतं. कफल्लक माणसाच्या अटकेवर पैसे घालवून हाती काही लागत नाही.

देणेकरी चंदगड किंवा गडहिंग्लजला राहतो आणि त्याची जमीनही तिकडेच आहे, हे आपल्याकडे नेहमीचंच. बेळगावचा बेलीफ तिथे जप्ती करू शकत नाही. हुकूमनामा वसुलीसाठी तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. सोबत हुकूमनाम्याची नक्कल आणि किती रक्कम येणं बाकी आहे याचा दाखला जातो. ही मागणी पहिल्याच अर्जात करा. ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा यायची वाट बघत इथल्या नोटिशींची फी भरत बसण्यात अर्थ नाही.

देणेकऱ्यांसाठीही थोडं. कोर्टाबाहेर रोख पैसे देऊन ‘मिटलं’ म्हणू नका. दिलेल्या रकमेची नोंद कोर्टात झाली नाही तर वसुली करणारं कोर्ट ती धरत नाही, आणि नोंदीसाठी तुम्ही अर्ज करायची मुदत रक्कम दिल्यापासून फक्त 30 दिवस आहे. शक्यतो कोर्टातच भरा. हप्त्याने भरत असाल तर पैसे साधारणपणे आधी खर्च व व्याजात वळते होतात, म्हणून दोन वर्षं भरूनही मुद्दल जागचं हललेलं दिसत नाही. यात फसवणूक नसते. जप्ती उठवायची तर हुकूमनाम्याची रक्कम आणि जप्तीचा खर्च दोन्ही लागतात. एकूण आकडा कोर्टाकडून लेखी घ्या, तोंडी आकड्यावर विसंबू नका. लिलावात बोली पक्की होण्यापूर्वी ही सगळी रक्कम भरली तर लिलाव थांबतो.

सहकारी सोसायटीचा सेल ऑफिसर (वसुली अधिकारी) आणि फायनान्स कंपनीचा वसुली माणूस हे कोर्टाचे बेलीफ नव्हेत. दारात कोणीही आला तरी कोर्टाच्या सही-शिक्क्याचं वॉरंट आधी बघा.

खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांना वकिलाबरोबर प्रोसेस फीचीही मदत मिळू शकते. रक्कम पूर्ण फिटली की ‘वसुली पूर्ण’ असा आदेश आणि जप्ती उठल्याचं पत्र घेऊन तहसीलदार कचेरीत जा, आणि आर.टी.सी.वरची बोजाची नोंद निघाली का ते नवा उतारा काढून तपासा.