वर्गातलं पॉडकास्ट

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर भागाभागांनी येणारा ऑडिओ कार्यक्रम, हवा तेव्हा ऐका, मध्येच थांबवा, परत मागे जा. आवाजावरून शिकवणं आपल्याला नवीन नाही, आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम कित्येकांनी ऐकलेत, पण रेडिओवर निसटलेलं वाक्य गेलं ते गेलंच. २००४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या मुलांना आयपॉड, म्हणजे खिशात मावणारे ऑडिओ प्लेअर, वाटले, २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्ट आणले आणि हा प्रकार कॉलेजांत, मग शाळांत पसरला.

वर्गात ऐकवताना तुकडा छोटा घ्यावा. अख्खा वर्ग एका ब्लूटूथ स्पीकरसमोर बसवला की थोड्याच वेळात मागच्या बाकावर चुळबुळ सुरू होते, त्यामुळे आधी फळ्यावर दोन-तीन प्रश्न लिहायचे आणि तेच दोनदा ऐकवायचं. कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या हातात लिहिलेला मजकूर हवाच हवा.

पण खरं शिकणं होतं ते मुलं स्वतः एपिसोड करतात तेव्हा, आणि ठाणे-नवी मुंबईत विषयांना तोटा नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली प्रवासी गाडी, खाडीतले फ्लेमिंगो, १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आल्यावर बदलत गेलेली गावं. दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या आजीला नातवाने विचारावं, खाडीत तेव्हा काय काय मिळायचं गं? मग निवट्या, चिंबोऱ्या, कोलीम असं सगळं निघतं, आणि आजीची आगरी-कोळी बोली जशीच्या तशी ठेवावी, प्रमाण मराठीत डबिंग अजिबात करू नये, कारण ही बोली पुस्तकात फारशी सापडत नाही.

रेकॉर्डिंगला महागडा माइक लागत नाही. पंखे बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, नाहीतर 'प' आणि 'फ' फटाफट फुटतात. सुरुवातीला दहा सेकंद कोणीच बोलायचं नाही, तो खोलीचा शांत आवाज नंतर कापलेले जोड लपवायला कामी येतो. आवाज कापायचं-जोडायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि दहा मिनिटांची फाइल ६४ केबीपीएसला (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, ठेवली तर ५ एमबीच्या आत बसते, म्हणजे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरामात जाते. बाहेर टाकायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्यावी, मुलांचं आडनाव-पत्ता त्यात येऊ देऊ नये. मार्क देताना गोड आवाजाला देऊ नयेत, मुलाने प्रश्न काय विचारले आणि उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलला का, त्याला द्यावेत.